कपाटाचं आडनाव

भाऊसाहेबांच्या ऑफिसात इंटर्नला नाव नसायचं, जागा असायची. पंख्याखाली बसेल तो पंखा, खिडकीपाशी बसेल तो खिडकी. एका बिचाऱ्याला तर जागाच मिळाली नाही. तो दारात उभा राहूनच कामं उरकायचा, म्हणून त्याला सगळे उंबरठा म्हणायचे. ही पद्धत भाऊसाहेबांनीच पाडलेली, आणि तिचा त्यांना मनापासून अभिमान होता. ऑफिस नळजोडण्यांचं. एक रांग नळ नसलेल्यांची, दुसरी नळ असून पाणी नसलेल्यांची, आणि दोन्ही रांगांच्या शिव्या खायला हेडक्लार्क म्हणून भाऊसाहेब. त्यात कॉलेजातून पोरं येणार, नावं पाठ होतात न होतात तोच मुदत संपून निघून जाणार. मग पाठ करायचीच कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. खिडकी पुढे मोठा अधिकारी झाला. अजून कधीमधी फोन करतो आणि "भाऊसाहेब, मी खिडकी बोलतोय," असंच सांगतो. आता याला पद्धतीचं यश नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

त्या वर्षी एक मुलगी आली. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक, आणि आडनाव मात्र हे एवढं लांब. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही गोष्ट सोडून तेच घोकत बसाल आणि घरचे विचारतील की काय झालं. एवढंच सांगतो, की त्यात सुरुवातीला एक जोडाक्षर होतं, मध्ये एक होतं, शेवटाला एक होतं, आणि उरलेली अक्षरं त्यांच्यामध्ये अंग चोरून बसली होती. केबिनमधल्या साहेबांनी तिचा कागद हातात घेतला, आडनाव वाचायला सुरुवात केली, मध्यावर थांबले, पाणी प्यायले आणि उरलेलं उद्या बघू म्हणाले. टायपिस्ट बाईंनी प्रयत्न केला तर त्यांना ठसका लागला. शेवटी भाऊसाहेब पुढे झाले. कशाला सगळ्यांच्या जिवाला त्रास, म्हणाले. पोरीचं टेबल तक्रारींच्या लोखंडी कपाटामागे होतं. तेव्हा आजपासून तू कपाट, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

पोरगी चालेल म्हणाली. म्हणाली म्हणजे तसे ओठ हलले.

आता राहिलं भाऊसाहेबांचं स्वतःचं आडनाव. ते सोपं होतं. म्हणजे त्यांच्या मते. आपलं घोरणं जसं आपल्याला ऐकू येत नाही तसं आपलं आडनाव आपल्याला कधी अवघड वाटत नाही. गेली कित्येक वर्षं ऑफिसात भाऊसाहेब, घरात अहो आणि बिल्डिंगीत काका झाल्यामुळे त्या आडनावाला कामच उरलं नव्हतं. ते दोनच ठिकाणी शिल्लक होतं, दारावरच्या पाटीवर आणि लेकीच्या नावापुढे. त्यातली पाटी दारावर होती. लेक मात्र लांबच्या एका शहरात नकाशे काढणाऱ्या कंपनीत शिकायला गेली होती. म्हणजे इंटर्नच. पण आपली पोरगी इंटर्न आहे हे भाऊसाहेबांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. इंटर्न ते कपाटामागचे. आपली लेक ती लेक.

ती दर रविवारी फोन करायची. सगळं मजेत आहे म्हणायची, जेवण बरं आहे, माणसं चांगली आहेत. फोन ठेवला की भाऊसाहेब पंखा नीट फिरतोय का बघायच्या निमित्तानं तिच्या खोलीत जायचे. रिकाम्या खोलीतला पंखा रविवारच्या रविवार तपासून घेणारा माणूस अख्ख्या बिल्डिंगीत दुसरा नव्हता. पंखा लावायचे, तिच्या खुर्चीत बसायचे, आणि बायको दारात येऊन उभी राहिली की आवाज करतोय जरा, तेल घालायला हवं, असं काहीतरी पुटपुटायचे. तिलाही सगळं कळायचं. ती म्हणायची, झाला पंखा बघून तर आता मलाही जरा बसू द्या.

असं चाललं असताना एकदा ऐन आठवड्यात लेकीचा मोबाईल लागेना. सकाळी बंद, दुपारी बंद. बायकोनं भाऊसाहेबांना ऑफिसात फोन करकरून वीट आणला. शेवटी त्यांनी कंपनीचा नंबर शोधून काढला आणि साहेब जेवायला गेल्याचं बघून ऑफिसच्याच फोनवरून तो फिरवला. पलीकडे टेलिफोन बोर्डावरची बाई. भाऊसाहेबांनी रुबाबात लेकीचं पूर्ण नाव सांगितलं. बाई म्हणाली, अशी कुणी इथे नाही. भाऊसाहेबांनी पुन्हा सांगितलं, या खेपेला आडनाव जरा जोरात. बाईनं तेच आडनाव उलटून विचारलं, पण ते असं काही मोडून की भाऊसाहेबांना वाटलं आपल्या वडिलांचा फोटो कुणीतरी भिंतीवरून पाडला. तिसऱ्यांदा त्यांनी आडनावाचा नाद सोडला आणि वर्णन सुरू केलं. उंच आहे, लांब वेणी आहे, बोलताना पेनाचं टोपण उघडते नि लावते.

"अहो, जिन्यात एकटी बसून डबा खाते ती?" बाई म्हणाली. "मग तीन नंबर म्हणा ना. थांबा." आणि फोनवर हात न ठेवताच तिनं हाक मारली, "तीन नंबर! घरून फोन!"

लेक धावत आली. मोबाईल पाण्यात पडला होता, बाकी काही नाही. बाबा, काय झालं, असं तिनं चारचारदा विचारलं. भाऊसाहेबांच्या ओठांवर जिन्याचं आलं होतं. पण ते म्हणाले, काही नाही गं, तुझा चार्जर इथे राहिलाय की तू नेलास, एवढंच विचारायचं होतं. ती हसली, नेलाय की म्हणाली. तेवढ्यात साहेब जिना चढताना दिसले म्हणून भाऊसाहेबांनी फोन ठेवला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की पोरगी मजेत आहे. अख्खं ऑफिस ओळखतं तिला, नाव काढल्याबरोबर बोलावून आणलं. बायकोचा जीव भांड्यात पडला. भाऊसाहेबांचा मात्र कुठे पडायलाच तयार नव्हता. रात्रीच्या जेवणाला ते अर्ध्यातून उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका तक्रारीचा कागद काढायला ते कपाटाशी गेले. मागे पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर डबा, डब्यावर रुमाल, आणि घास इतके हळू की चावण्याचा सुद्धा कुणाला त्रास होऊ नये. ती रोजच तिथे तशी बसायची. रोज भाऊसाहेब तिथे यायचे, कागद काढायचे आणि जायचे. पण कपाटाकडे बघून कुणी कागद काढतं का? हात आपोआप जातो. त्या दिवशी हात नुसताच कपाटात राहिला. तिकडे जिना आहे, इकडे कपाट आहे, एवढाच काय तो फरक, हे त्यांना कळलं. तिकडच्या जिन्याचं काही करणं आपल्या हातात नाही. इकडच्या कपाटाचं आहे. आपण एखाद्याच्या पोरीला नावानं हाक मारली तर तिकडे कुणाला तरी आपल्या पोरीला तशी हाक मारायची बुद्धी होईल, असा तो हिशेब होता. असा हिशेब जगात कुठे जमत नाही, पण बापाला ते कुणी सांगायचं?

भाऊसाहेबांनी आडनाव शिकायचं ठरवलं. हे एवढंसं काम. पण भाऊसाहेबांचं कुठलंही एवढंसं काम एवढंसं राहिल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

सुरुवात न्हाणीघरात झाली. तिथे आवाज घुमतो आणि कुणी बघत नाही. बादलीत पाणी सोडून ते आडनावाच्या पहिल्या जोडाक्षराशी झुंजायला लागले. बायकोनं बाहेरून विचारलं की घसा धरलाय का, आणि उत्तराची वाट न बघता मिठाचं कोमट पाणी दारात आणून ठेवलं. आता घसा धरलेला नाही हे सांगायचं तर आडनावाचं सांगायला हवं, आडनावाचं सांगितलं की जिन्याचं सांगायला हवं. त्यापेक्षा गुळण्या बऱ्या. भाऊसाहेबांनी निमूटपणे गुळण्या केल्या.

वरच्या मजल्यावर गाण्याचे मास्तर राहायचे. त्यांच्या कानावर दोन दिवस हे आवाज गेले आणि तिसऱ्या दिवशी ते आनंदानं खाली आले. या वयात गाणं शिकावंसं वाटलं हे फार मोठं आहे, म्हणाले. गाणं नाही, आडनाव आहे, हे ऐकून ते जरा हिरमुसले, पण सल्ला द्यायची संधी सोडणाऱ्यांतले नव्हते. आडनाव घशातून काढू नका, पोटातून काढा, असं त्यांनी भाऊसाहेबांच्या पोटावर हात ठेवून सांगितलं. भाऊसाहेबांनी पोटातून काढलं. आडनाव काही निघालं नाही, पण तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर काळजीनं वर आले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाऊसाहेबांना आ करायला लावला. वरचा एक दात नाही, म्हणाले. जिभेला टेकायला भिंतच नाही तर जोडाक्षर उभं राहणार कशावर? भाऊसाहेबांना ते पटलं. माणूस अडला की त्याला काहीही पटतं. त्यांनी दात बसवून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तोंडून प्रत्येक स बरोबर एक शिट्टी निघायला लागली. दुसरा कुठलाही शब्द एकवेळ चालला असता. पण हेडक्लार्कला दिवसभर म्हणावं काय लागतं? साहेब. सकाळी केबिनच्या दारात उभं राहून भाऊसाहेबांनी साहेबांना हाक मारली आणि आतून साहेबांनी संतापून विचारलं की ऑफिसात शिट्ट्या कोण मारतंय. शिपाई तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. एवढ्या वर्षांची नोकरी, पण असा अपमान कधी झाला नव्हता. संध्याकाळी डॉक्टरांनी दात घासून दिला, आणि सवयीला वेळ लागतो, असंही वर ऐकवलं.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब तयारीनिशी कपाटामागे गेले. पोरगी गडबडून उठली. त्यांनी घसा साफ केला, पोट आत घेतलं आणि आडनाव म्हणायला सुरुवात केली. पहिलं जोडाक्षर पार झालं. मधलं हलत हलत का होईना, पार झालं. शेवटच्याला मात्र जीभ घसरली आणि सगळं आडनाव तोंडावर आपटलं.

पोरीला त्यांचीच दया आली. "सर, कपाट चालेल," ती म्हणाली. "कॉलेजात पण मला लांबलचक म्हणायचे. मला सवय आहे."

ही सवय भाऊसाहेबांना लागली. म्हणजे तो शब्द लागला. तिकडेही कुणीतरी कधीतरी जीभ वळवायला गेलं असेल आणि आपल्या गुणी लेकीनं अशीच मान हलवून सांगितलं असेल, तीन नंबर चालेल, मला सवय आहे. त्यांना एकदम भरून आलं. हेडक्लार्कला ऑफिसात भरून येण्याची सोय नसते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सवय करून घ्यायची नाही," ते म्हणाले. "तू म्हण. मी तुझ्या मागे म्हणतो."

मग तिनं शिकवलं. बोटानं कपाटाच्या दारावर ठोका देत एकेक तुकडा म्हणायची, ठोक्यावर ठोका. भाऊसाहेब मागे म्हणायचे. जोडाक्षरावर बोट जरा जोरात पडायचं, म्हणजे जिभेला आधीच सावध होता यायचं. मास्तरांना आणि डॉक्टरांना जे जमलं नाही ते पोरीच्या बोटानं करून दाखवलं. एका दुपारी भाऊसाहेबांनी ते आडनाव पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न सांडता म्हटलं. पोरगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा तिचे दात दिसले.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण भाऊसाहेबांना वाटलं, एकट्यानं म्हणून काय उपयोग, टेबलावर नावाची पाटी हवी. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचायला हवी. त्यांनी रीतसर टिपणी लिहिली. ती वर गेली आणि साहेबांचा शेरा घेऊन खाली आली, चर्चा करावी. चर्चा झाली. पाटी फक्त कायम नोकरांना मिळते, असं निघालं. अपवाद म्हणून द्यावी, अशी दुसरी टिपणी वर गेली. ती खाली आली तेव्हा सामानखात्यानं म्हटलं होतं की पाटीची लांबी ठरलेली आहे आणि सदर आडनाव तिच्यात मावत नाही. दोन पाट्या जोडाव्यात का, तर मग त्या दोन व्यक्ती समजल्या जातील. आडनाव आखूड करता येईल का, असंही विचारलं होतं. ते वाचून भाऊसाहेबांनी टेबलावर पेन आपटलं. आजवर असलेच प्रश्न ते स्वतः लोकांना विचारत आले होते, पण या बाजूनं ते इतके मूर्ख दिसत असतील याची त्यांना कल्पना नव्हती.

पण हेडक्लार्क तो हेडक्लार्क. नियमांच्या पुस्तकात त्यांना एक ओळ सापडली. ऑफिसातल्या सामानावर ओळखीसाठी मजकूर रंगवता येतो. माणसाला पाटी मिळत नव्हती, कपाटाला मिळत होती. त्यांनी तिसरी टिपणी लिहिली, की ऑफिसात तीन कपाटं असून ती सारखीच दिसतात, सबब तक्रारींच्या कपाटावर ओळख रंगवण्यास मंजुरी मिळावी. आजवरच्या सगळ्या टिपण्यांत हीच टिपणी त्याच दिवशी मंजूर झाली. पेंटर आला, आणि शनिवारी कपाटाच्या दोन्ही दारांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या ठळक अक्षरांत पोरीचं आडनाव उभं राहिलं. कपाट होतं म्हणून मावलं.

दरम्यान भाऊसाहेबांनी दुसरीकडेही आघाडी उघडली होती. दर आठवड्याला, साहेब जेवायला गेले की ते नकाशांच्या कंपनीत फोन लावायचे. लेकीला नव्हे, बोर्डावरच्या बाईला. रिसीव्हरवर पेनानं ठोके देत आपलं आडनाव तिला शिकवायचे. बाई आधी वैतागली, मग फोन ठेवून द्यायला लागली, मग नाइलाजानं मागे म्हणायला लागली. आणि एकदा मध्येच थांबून म्हणाली, "काका, तुमचं आडनाव मी शिकतेय. माझं काय आहे, ते एकदा तरी विचारलंत?"

भाऊसाहेब खजील झाले. त्यांनी विचारलं. बाईनं सांगितलं. ते ऐकल्यावर भाऊसाहेबांना कपाटावरचं आडनाव म्हणजे पाळण्यातल्या मुलाचा खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून पुन्हा आवाज सुरू झाले. बायकोनं आता विचारणंच सोडलं होतं. ती मिठाचं पाणी दाराशी ठेवायची आणि निघून जायची.

इकडे ऑफिसात भाऊसाहेबांच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडलं. तीन कपाटांपैकी नाव एकालाच होतं. त्यामुळे शिपायाला अमुक फाईल कुठून आणायची ते सांगताना तक्रारींचं, डावीकडचं, दार अडकतं ते, असलं काही म्हणण्यापेक्षा ते आडनाव म्हणणंच सोयीचं पडायला लागलं. पहिल्या आठवड्यात सगळे अडखळले, दुसऱ्यात कमी अडखळले. मग रांगेतल्या लोकांनी उचललं. माझा कागद अमक्यात आहे का बघा हो, असं म्हाताऱ्या बायका त्या आडनावासकट विचारू लागल्या. आणि ज्या साहेबांना ते पाणी पिऊन सुद्धा निम्मंच म्हणता आलं होतं, ते आता केबिनमधून एका दमात ओरडायचे. कामासाठी लागलं की जीभ कुठेही वळते. इतके दिवस ती वळत नव्हती, कारण पलीकडे नुसती एक पोरगी होती.

मात्र कपाटाला हाक मारली की पोरगी दचकून उठायची. तेव्हा मग कपाटाला नुसतं आडनाव आणि पोरीला आडनावापुढे बाई, अशी वाटणी झाली. तिला बाई म्हणायचं तर ती मागे भिंतीशी कशी बसणार? टायपिस्ट बाईंनी तिचं टेबल ओढून आपल्याशेजारी घेतलं. ती सगळ्यांबरोबर डबा खायला लागली, आणि हळूहळू असं लक्षात आलं की ती चांगली बडबडी आहे. साहेबांच्या चालण्याची तिनं केलेली नक्कल बघून भाऊसाहेबांना ठसका लागला, नवा दात निसटतो की काय असं वाटलं.

तिची मुदत संपली त्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला आले. कडक इस्त्रीचा शर्ट, अंग पोरीसारखंच बारीक. ते भाऊसाहेबांच्या टेबलापुढे हात जोडून बसले. तेवढ्यात आतून साहेबांची हाक आली, त्यांच्याच आडनावाची. वडील ताडकन उठून उभे राहिले. पाठोपाठ शिपायानं आडनाव घेऊन सांगितलं की त्याचा खालचा कप्पा गंजलाय. वडील हळूच खाली बसले. टायपिस्ट बाई म्हणाल्या की त्याला एक लाथ घाल, आपोआप उघडेल. वडिलांचा चेहरा लालबुंद झाला. भाऊसाहेबांना घाम फुटला. त्यांनी वडिलांचा हात धरला आणि त्यांना कपाटासमोर नेऊन उभं केलं.

वडील बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि अक्षरांवरची धूळ पुसली, पहिल्या जोडाक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एकही न वगळता.

"आमच्या गल्लीतसुद्धा लोक निम्म्यावर सोडतात हो," ते म्हणाले.

ती दोघं गेली. जाताना पोरगी पाया पडली, भाऊसाहेबांच्या आणि मागाहून कुणाचं लक्ष नाही असं बघून कपाटाच्यासुद्धा. मग ऑफिस पुन्हा पहिल्यासारखं झालं. फक्त ती हाक राहिली. दिवसभर कुणी ना कुणी ते आडनाव घ्यायचं, आणि दरवेळी भाऊसाहेबांचे डोळे टायपिस्ट बाईंच्या शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे जायचे. आडनाव इथे आणि पोरगी तिकडे, हे दुखणं त्यांच्या घरात होतंच, आता ऑफिसातही आलं.

पण घरचं दुखणं संपायला आलं होतं. लेकीचीही मुदत संपत आली होती. भाऊसाहेबांनी तिच्या खोलीचे पडदे धुवून घेतले, सायकलीत हवा भरली, आणि पंख्याला एकदाचं खरोखरच तेल घातलं. रविवारी फोन आला. लेक आनंदानं नुसती उड्या मारत होती. कंपनीनं तिला कायम केलं होतं. खिडकीपाशी स्वतःचं टेबल दिलं होतं.

"आणि बाबा, गंमत सांगू?" ती म्हणाली. "इथे सगळे मला पूर्ण नावानं हाक मारतात. आडनावासकट. आमच्या बोर्डावरच्या बाईंनी सगळ्यांना घोटून घोटून शिकवलं. त्यांना कसं काय येतं, देव जाणे. आता मला अगदी घरच्यासारखं वाटतं."

वा, छान, म्हणाले भाऊसाहेब. फार छान. फोन ठेवून ते पंखा बघायला गेले. बायको मागोमाग आली आणि या वेळी दारात थांबली नाही. न्हाणीघरातून इतके दिवस कुणाची आडनावं ऐकू येत होती आणि आठवड्याला कुठे फोन जात होता, हे तिला कधीच कळलेलं होतं. बायकांना कळतं. तिनं सरळ विचारलं, की हे काय करून बसलात? तिकडे परकं वाटलं असतं तर पोरगी परत आली असती. तुम्ही तिला तिकडे घर करून दिलंत.

"जिन्यात बसून जेवायची गं ती," भाऊसाहेब म्हणाले. "एकटी."

बायको पलंगावर बसली आणि रडली. भाऊसाहेबही रडले. त्यांना फार वाटत होतं की लेकीनं परत यावं, सायकल काढावी, पेनाचं टोपण उघडझाप करत डोकं उठवावं. आणि तिनं जिन्यात बसू नये, हेही तितकंच वाटत होतं. दोन्ही एकदम मिळण्यासारखं नव्हतं. खूप वेळानं बायकोनं डोळे पुसले आणि म्हणाली की नीट अभिनंदन तरी करायचं होतं, नुसतं वा छान काय?

तेही खरंच होतं. सोमवारी साहेब जेवायला गेल्यावर भाऊसाहेबांनी कंपनीत फोन लावला. मोबाईलवरही करता आला असता. पण त्यांना रीतसर, तिच्या ऑफिसात, तिच्या टेबलावर फोन करायचा होता. पलीकडे बाई आली. भाऊसाहेबांनी आधी तिचं आडनाव घेतलं, अगदी पुरतं. बाई खूश झाली, कुणाशी बोलायचंय, काका, असं तिनं मुद्दामच विचारलं.

भाऊसाहेबांनी लेकीचं नाव घेतलं. मग आडनाव घ्यायला गेले आणि आवाज बसला. जन्मापासून वापरात असलेलं, सगळ्या जगात सोपं असलेलं त्यांचं आडनाव निम्म्यावर आलं आणि तिथेच अडकलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच अडकले.

पलीकडून रिसीव्हरवर पेनाचे ठोके ऐकू आले, सावकाश, एकामागून एक.

"असं नाही, काका," बाई म्हणाली, आणि तिनं ते आडनाव पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ म्हणून दाखवलं. "हं, म्हणा माझ्या मागे."

भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि तिच्या मागे म्हटलं.

"आता बरोबर," बाई म्हणाली. "थांबा हं, देते त्यांना."